बालसभेतून आराखड्यापर्यंत: मुलांचं म्हणणं ग्रामपंचायतीच्या निर्णयात कसं उतरवायचं

नाशिक जिल्ह्यात बालसभा होत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. १४ नोव्हेंबरला शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडतात, सरपंचांना गुलाबाचं फूल मिळतं, सातवीतली हुशार मुलगी पाठ केलेलं भाषण म्हणते, खाऊ वाटला जातो आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. महिन्याभराने विचारा, मुलांनी मागितलं काय होतं? शिक्षकांना आठवत नाही, ग्रामपंचायतीत नोंद नसते.

मुलं बोलत नाहीत म्हणून असं होतं, हा गैरसमज आहे. मुलं भरपूर बोलतात. सभा चुकीच्या दिवशी घेतली जाते, मागणी चुकीच्या दारात जाते आणि उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलंच नसतं. पुढचे टप्पे अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि युवक मंडळांसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक बालसभा क्रमातच फसतात.

हक्काचा आधार दोन ओळींत सांगता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम १२ सांगतं की मुलावर परिणाम करणाऱ्या बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्येही सहभागाचं तत्त्व आहे. मूल मागेल ते द्यावंच लागेल, असं यात कुठेही नाही. ऐकणं, विचार करणं आणि विचाराचं काय झालं ते सांगणं मात्र टळत नाही.

## टप्पा १ : तारीख ठरवा, तीही उलट मोजून

ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या मोहिमेची हालचाल २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि पुढच्या आर्थिक वर्षाची कामं हिवाळ्यात पक्की होत जातात. बालदिनाला मागणी मांडली तर तोवर गरजांची यादी बरीचशी भरलेली असते. म्हणून बालसभा २ ऑक्टोबरच्या आधी घ्या.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते, म्हणजे साधारण २५ सप्टेंबरला. मुलांचा विषय विषयपत्रिकेवर यायचा तर प्रस्ताव २२ सप्टेंबरपर्यंत कार्यालयात पोहोचला पाहिजे. मागे मोजत गेलं की वेळापत्रक असं बसतं:

- ऑगस्टची मासिक सभा: बालसभेला मंजुरीचा ठराव
- सप्टेंबरचा पहिला आठवडा: मुलांची यादी आणि संमती
- दुसरा आठवडा: गावफेरी आणि नकाशा
- १५ ते २० सप्टेंबर: बालसभा
- २२ सप्टेंबरपर्यंत: प्रस्ताव ग्रामपंचायतीत, पोच घेऊन

गणपती कोणत्या आठवड्यात येतात ते पाहून दोन-चार दिवस पुढे-मागे करा. पण ऑक्टोबरवर ढकलू नका. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी सुरू झाली की मोठी मुलं बागेत दिसतात. सुरगाणा-पेठकडे भात निघाला की घरंच्या घरं मजुरीला बाहेरगावी जातात. त्यानंतर घेतलेल्या सभेत, ज्यांचे प्रश्न सगळ्यांत तीव्र आहेत तीच मुलं नसतात.

तपासा: बालसभेची तारीख आणि ग्रामसभेची तारीख यांत किमान दहा दिवस आहेत का? नसतील तर तारीख बदला.

## टप्पा २ : आधी ठराव आणि कागद

सरपंचांनी तोंडी "घ्या की, आमची कुठे ना आहे" म्हटलं, यावर थांबू नका. मासिक सभेत लेखी ठराव घ्या आणि त्यात तीन वाक्यं असू द्या. बालसभेतून आलेले प्रस्ताव ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतले जातील. प्रत्येक प्रस्तावाला तीस दिवसांत लेखी उत्तर दिलं जाईल. हे उत्तर देण्याची जबाबदारी अमुक सदस्याची राहील. तिसरं वाक्य कोणी सुचवत नाही आणि नेमकं तेच लागतं. जबाबदारी सगळ्यांची असली की ती कोणाचीच राहत नाही.

त्याच वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (गावात अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेबच म्हणतात) चार कागद मागा: चालू वर्षाचा विकास आराखडा, नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, अपूर्ण कामांची यादी आणि मागच्या बालसभेचं इतिवृत्त, असेल तर.

अंदाजपत्रकात दोन गोष्टी शोधा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर गेले? आणि वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच वापरायचा) किती, अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) किती? १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. हा भेद माहीत नसेल तर मुलं मैदान मागतात, पैसा असतो शौचालयाच्या पाण्यासाठी, आणि "निधी नाही" एवढंच उत्तर मिळतं. पेसा गावांत, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या गावांत, ५ टक्के अबंध निधीचा हिशेबही पाहा.

सावध: काय बदलू शकत नाही, तेही आधीच समजून घ्या. निविदा निघालेल्या कामावर मुलांचं मत मागणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे.

## टप्पा ३ : कोणती मुलं येणार

शाळेचा पट म्हणजे गावातली सगळी मुलं नव्हेत. यादी चार ठिकाणांहून जुळवा: शाळेची हजेरी, अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर, आशाताईंची कुटुंबयादी, आणि मळ्यातल्या किंवा बागेतल्या शेडवर राहणाऱ्या मजूर कुटुंबांची मुकादमाकडून घेतलेली माहिती. ही चौथी यादी करायला एक संध्याकाळ जाते आणि त्यातच शाळाबाह्य मुलं सापडतात. गावठाणापासून दूर वाडी, पाडा, वस्ती असेल तर तिथल्या मुलांना आणण्या-पोहोचवण्याची सोय करा, नाहीतर त्या पाड्यावर वेगळी छोटी सभा घ्या. दुसरा मार्ग बहुधा सोपा पडतो.

अपंग मूल आहे? त्याला व्यासपीठाजवळ बसवून टाळ्या मिळवू नका. गावफेरीचा रस्ता त्याला झेपेल असा ठरवा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या गटात चित्रांनी काम करा.

वयाचे तीन गट पाडा: ६ ते ९, १० ते १३, १४ ते १७. मोठ्या दोन गटांत मुली आणि मुलगे आधी वेगळे बसतील असं पाहा. हायस्कूलच्या वाटेवर छेड काढणारी मुलं कुठे बसतात, हे मुली मिश्र गटात सांगणार नाहीत. एका गटात ६ ते ८ मुलं, त्यांच्यासोबत बोलणारा एक मोठा माणूस आणि लिहिणारा दुसरा. एकानेच दोन्ही केलं की लिहिलं जातं ते मोठ्या माणसाचंच.

लिहिणाऱ्याला मुलांची बोली कळली पाहिजे. बागलाण, देवळ्याकडे अहिराणी, सुरगाण्याकडे कोकणा. "शुद्ध बोल" असं एकदा कोणी म्हटलं की अर्धा गट गप्प होतो.

बालसरपंच निवडायचा का? आमच्या मते पहिल्या वर्षी नको. निवडून येतो तो वर्गातला पहिला किंवा पुढाऱ्याचा मुलगा, आणि उरलेली मुलं प्रेक्षक होतात.

## टप्पा ४ : संमती आणि सुरक्षितता

पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या. एका पानाचं, वाचून दाखवून. त्यात सभेची वेळ, जागा, जबाबदार व्यक्ती आणि फोटो काढणार की नाही हे लिहा. फोटोची संमती वेगळी ठेवा. मग मुलाला स्वतंत्रपणे विचारा: यायचंय का? मधेच उठून गेलास तरी कोणी रागावणार नाही, हे स्पष्ट सांगा. पालकांनी हो म्हटलं म्हणून मुलाची संमती गृहीत धरू नका.

मुलं बोलायला लागली की कधी कधी शेततळं आणि बस यापलीकडचं काही बाहेर येतं: मारहाण, नकोसा स्पर्श, ठरलेलं लग्न. याची तयारी सभेआधी झालेली असली पाहिजे.

- एक व्यक्ती, शक्यतो महिला, आधीच नेमा. असं काही निघालं तर मूल फक्त तिच्याशी बोलेल, बाजूला.
- चौकशी करत बसू नका, तपशील उकरू नका. गुपित ठेवण्याचं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.
- लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. गावात मिटवायला बसणं गुन्ह्यात मोडू शकतं.
- बालविवाहाची माहिती असेल तर लक्षात ठेवा, ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.
- चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांना पाठ करायला लावा.

ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि तिच्यात दोन बालप्रतिनिधी असायला हवेत. समिती फक्त फलकावर असेल तर बालसभेच्या आधी तिची एक बैठक लावून घ्या.

सावध: इतिवृत्तात, फोटोखाली, बातमीत कोणत्याही पीडित मुलाचं नाव, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही येता कामा नये.

## टप्पा ५ : गावफेरी

सभेच्या तीन-चार दिवस आधी गटागटाने गावातून फिरा, दीड तासाहून जास्त नाही. वाट मुलं ठरवतील. मोठी माणसं मागे चालतील, पुढे नाही. मुलं रोज जिथून जातात ते रस्ते, पाणी भरायची जागा, शाळेचं शौचालय, बसथांबा, अंगणवाडी, खेळायची जागा, आणि जिथे जायची भीती वाटते ती जागा.

परत आल्यावर पटांगणात रांगोळीने किंवा खडूने नकाशा काढा. हिरवा रंग आवडत्या जागेला, लाल धोक्याच्या, पिवळा "इथे काहीतरी करता येईल" अशा. नकाशाचा फोटो काढून ठेवा, पाऊस आला की तो जातो.

द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात लाल खूण शेततळ्यांवर पडतेच. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्याच्या कडा निसरड्या असतात. आत पडलेल्याला, पोहता येत असलं तरी, बाहेर चढता येत नाही. मुलांना हे माहीत असतं, कारण ती तिथेच खेळतात. अशा ठिकाणी फेरीत जवळ जाऊ नका, लांबूनच खूण करा.

तपासा: नकाशावर लाल खुणा फक्त शाळेभोवती आहेत? मग तुम्ही वाट ठरवली होती, मुलांनी नाही.

## टप्पा ६ : प्रत्यक्ष बालसभा

लहान गटाला ४५ मिनिटं पुरे, मोठ्यांना ९० मिनिटं. दुपारच्या जेवणानंतर लगेच घेऊ नका. खुर्च्या आणि माइक नको. माइक आला की भाषण आलं.

सरपंच आणि सदस्यांनी सुरुवातीला बसू नये. त्यांनी शेवटच्या वीस मिनिटांत यावं, ऐकावं आणि एकच प्रश्न विचारावा: "हे नीट कळलं नाही, परत सांगशील?" स्पष्टीकरण देण्याचा मोह होतोच. सरपंच म्हणतात, "अरे, त्याचं एस्टिमेट झालंय." मुलं मान डोलावतात आणि विषय संपतो. हे थांबवणं तुमचं काम आहे, आणि ते आदल्या दिवशी सरपंचांना घरी जाऊन सांगितलेलं बरं.

१. पहिली १० मिनिटं: सभा कशासाठी, आपण काय ठरवू शकतो, काय नाही, उत्तर कधी आणि कोण देणार. आकडे लपवू नका. "गावाकडे या कामासाठी साधारण इतके पैसे आहेत" हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

२. २५ मिनिटं: गटात नकाशावर बोलणं. "तुमच्या समस्या सांगा" असं विचारू नका, शाळेचा निबंध ऐकायला मिळेल. विचारा: शाळेत येताना कुठे पाय चुकतो? पाऊस असला की कुठे जाता येत नाही? सुट्टीत कुठे असता?

३. १५ मिनिटं: प्रत्येक गटाने तीन गोष्टी निवडायच्या. एक गोष्ट, एक कागद, एक चित्र.

४. १५ मिनिटं: मतदान. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. वर्गात आडोशाला डबे ठेवा, प्रत्येकावर एक चित्र. एकेक जण आत जातो आणि चिंचोके टाकतो; तिन्ही एकाच डब्यात टाकले तरी चालतील. हात वर करून मत घेऊ नका, सगळे वर्गनायकाकडे पाहून हात वर करतात. मुलामुलींच्या चिंचोक्यांना वेगवेगळा रंग लावला तर मोजताना फरक दिसतो. तो फरक नोंदवा.

५. उरलेला वेळ: मुलांसमोर मोजणी, पहिले पाच विषय मोठ्याने वाचणं, आणि सदस्यांचं ऐकणं.

इतिवृत्त मुलांच्या शब्दांत लिहा. "मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची व्यवस्था अपुरी आहे" यापेक्षा "मोरीला नळ आहे पण पाणी येत नाही म्हणून आम्ही घरी जाईपर्यंत थांबतो" हे वाक्य ग्रामसभेत जास्त काम करतं.

सावध: सगळ्यांत कमी मतं पडलेला कागद फेकू नका. व्हीलचेअरसाठी उतार एकाच मुलाला हवा असतो, त्याला बहुमत कधीच मिळणार नाही. सुरक्षितता आणि अपंगत्वाच्या मागण्या मतमोजणीबाहेर ठेवून थेट यादीत घ्या.

## टप्पा ७ : मागणीचा प्रस्ताव करणं

बालसभा संपली की बहुतेक जण कागदांचा गठ्ठा ग्रामपंचायतीत देऊन मोकळे होतात. इथेच सगळं बुडतं. ग्रामपंचायत बस सोडू शकत नाही आणि एसटीचं आगार नळ बसवू शकत नाही. कागदांचे चार ढीग करा.

ग्रामपंचायतीचं काम: शाळा-अंगणवाडीचं पाणी, पथदिवे, रस्त्यावरचा खड्डा, खेळाची जागा. हे आराखड्यात.

शाळेचं काम: कुलूप लावून ठेवलेलं ग्रंथालय, आहाराची चव, मारणारे शिक्षक. हे शाळा व्यवस्थापन समितीकडे. या समितीतही विद्यार्थी प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. ते बैठकीला बोलावले जातात की नुसती सही होते, हे बघा. शाळा विकास आराखड्यात हे विषय जायला हवेत.

दुसऱ्या खात्याचं काम: पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा सुटायच्या आधीच बस निघून जात असेल तर पासाचा काय उपयोग? हा विषय ग्रामसभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांकडे, किती मुलं कोणत्या वेळेला त्याची यादी जोडून. लोंबणारी वीजतार महावितरणकडे.

खासगी मालकीचं: शेततळं, उघडी विहीर. खासगी तळ्याच्या कुंपणावर ग्रामपंचायत सहसा खर्च करणार नाही. पण मालकांनी कुंपण आणि तळ्यात गाठी मारलेला दोर व तरंगती रबरी ट्यूब ठेवावी, असं आवाहन करणारा ठराव ग्रामसभा करू शकते. खर्च थोडा, फरक मोठा.

प्रत्येक प्रस्ताव अर्ध्या पानात लिहा: काय हवं, नेमकी जागा, किती मुलांना उपयोग, जागेची मालकी, कोणत्या निधीतून, मुलांचं मूळ वाक्य आणि मिळालेले चिंचोके. जागेची मालकी आधी तपासा. मैदानाची मागणी मंजूर होते आणि मग जागा गायरान की वनखात्याची, यावर ती वर्षानुवर्षं अडते.

मसुदा झाल्यावर मोठ्या गटातल्या चार-पाच मुलांना वाचून दाखवा. "आम्ही हे म्हटलं नव्हतं" असं निघालं तर बदला.

## टप्पा ८ : ग्रामसभा

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार. मुलांना तिथे मत नाही, ठराव मांडता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला एक सूचक आणि एक अनुमोदक आधीच गाठून ठेवा. ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे हे प्रस्ताव वाचले तर सूचक आपोआप मिळतात, कारण पाणी आणि मुलींचा रस्ता हे आयांचेही विषय असतात.

मांडायला दोन किंवा तीन मुलं न्या, त्यांना जायचं असेल तरच. एकाला तीन मिनिटं. विषय विषयपत्रिकेत वरच्या पाचांत घ्यायला सांगा; शेवटी ठेवला तर तोवर घरकुलाच्या यादीवरून भांडण झालेलं असतं आणि मुलं कंटाळून गेलेली असतात. कोणी मुलांची थट्टा केली तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायचं, हेही आधी बोलून ठेवा.

कोरम अभावी ग्रामसभा तहकूब झाली तर मुलांना तसं सांगा आणि पुढची तारीख द्या.

तपासा: घरी जाण्यापूर्वी इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकाचं नाव आणि निर्णय लिहिला आहे का? "चर्चा झाली" ही नोंद स्वीकारू नका. चर्चेला निधी मिळत नाही.

## टप्पा ९ : उत्तर

तीस दिवसांच्या आत, ज्या जागी बालसभा झाली तिथेच, नेमलेल्या सदस्याने येऊन उत्तर द्यायचं. उत्तरं तीनच प्रकारची असू शकतात: एक, होणार (कधीपर्यंत आणि कोणाकडून); दोन, दुसऱ्या खात्याकडे पाठवलं (पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख); तीन, होणार नाही (कारण असं असं). तिसरं उत्तर द्यायला लोक घाबरतात. मुलं नकार पचवतात. कारण न देता गप्प बसणं मात्र त्यांच्या लक्षात राहतं आणि पुढच्या वर्षी सभेला निम्मीच मुलं येतात.

शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर तक्ता लावा: मागणी, उत्तर, आजची स्थिती. दर तीन महिन्यांनी तो मोठ्या गटातल्या मुलांकडूनच भरून घ्या. त्यांनी नळ उघडून पाहायचा आणि लिहायचं, पाणी आलं की नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढल्यावर मुलांचं काम त्यात खरंच आहे का, हे कुणाच्याही मोबाइलवर पाहता येतं. यादी ग्रामसभेत मंजूर झाली आणि पोर्टलवर काम गायब, असंही होतं. तसं दिसलं तर ठराव क्रमांकासह गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज करा.

## नाशिक शहरात असाल तर

ग्रामसभा नाही, पण महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पंचवटी, पूर्व, पश्चिम, सातपूर, सिडको, नाशिकरोड. टप्पे ३ ते ७ जसेच्या तसे चालतात. वस्तीऐवजी झोपडपट्टी, चाळ किंवा सोसायटी धरा. अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी तयार होतं, त्यामुळे उद्यान, पदपथ, शाळेसमोरचा गतिरोधक अशा मागण्या डिसेंबरपूर्वी विभागीय कार्यालयात पोच घेऊन द्या. सोसायटीत "येथे खेळू नये" ची पाटी लावायचा विषय वार्षिक सभेत येणार असेल तर त्याआधी मुलांची अर्ध्या तासाची बैठक घ्या आणि खेळायच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून सभेत मांडा. त्यांनी स्वतः ठरवलेल्या वेळा मोडल्या तर जाब विचारायलाही सोपं जातं.